गल्लीकडची भिंत

इस्तरवशन,
९ डिसेंबर

आदरणीय हाजरवन्सं,

हात छातीवर ठेवून सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? करडी शेळी व्याली का? पंजकेंतला थंडी आमच्याआधी पोहोचते, तेव्हा तो लोकरी पट्टा कपाटात न ठेवता कमरेला बांधा. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला मी तुमची तब्येत विचारली आणि तुम्ही मला भोपळ्याच्या सांबुसाची कृती सांगितलीत. तुमच्या कानांशी भांडण्यापेक्षा कागद बरा. पत्र टॅक्सीवाल्या हाकिमकडे देते आहे. त्याला चहा पाजा, म्हणजे उत्तरही तोच घेऊन येईल.

निगोरा दुशान्बेला सुखात आहे. जावई तिचं ऐकतो. आई म्हणून मला आणखी काय हवं?

इथली बातमी अशी की आपल्या गल्लीकडच्या भिंतीला पोट आलंय. पाचवा महिना लागलेल्या बाईसारखं. शेजारणी नानला जाताना मुद्दाम थांबतात आणि विचारतात, "सनोबर, कधी मोकळी होणार गं ही?" मी म्हणते, "वसंतापर्यंत कळ काढेल." पण नोव्हेंबरच्या पावसात तिने कळ काढली नाही. सिमेंटचा एक तुकडा, चांगला परातीएवढा, मातीचं ढेकूळ बरोबर घेऊन गल्लीत पडला. कोणाला लागलं नाही, एवढं बरं.

निगोराच्या लग्नात सोयऱ्यांनी भिंत बघून नाक मुरडू नये म्हणून तिला बाहेरून सिमेंट केलं होतं, आठवतं? तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "मातीच्या अंगाला हा कसला कोट?" मी मनात म्हटलं होतं, वन्संना काही म्हणून आवडायचं नाही. असो.

आता सल्ले सुरू झाले. मोहल्ल्याचे थोरले इबोदबोबो काठी टेकत आले, भिंतीवर काठीने दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "सिमेंटचा आणखी एक हात मार, पोरी. जाड." बेकरीवालीचंही तेच, मशिदीच्या झाडूवाल्याचंही तेच. नजमिद्दीन आका तेवढे म्हणाले, "भिंतीने काय केलंय? वर बघायला हवं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

नजमिद्दीन आका म्हणजे ते, बाजारात शिलाई मशिनी दुरुस्त करणारे. गल्लीच्या टोकाला राहतात, बायको वारून बरीच वर्षं झाली. माझ्या मशिनीचा पट्टा सारखा तुटतो, म्हणून येणं-जाणं असतं. एवढंच.

मी त्यांना धाब्यावर चढू दिलं नाही. तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या धाब्यावरून आजूबाजूच्या सगळ्या घरांची अंगणं दिसतात. म्हणून चढणाऱ्या पुरुषाने आधी मोठ्याने हाळी द्यायची, की बाया डोक्यावर रुमाल घेतील, न्हाणारी आत जाईल. एकट्या विधवेच्या धाब्यावरून परपुरुषाची हाळी गेली की ती सबंध गल्लीत ऐकू जाते. मी म्हटलं, "आका, माझं धाबं माझं मी बघेन." ते बिचारे "बरं" म्हणून पट्टा बसवून गेले.

आणि मग पहिला बर्फ पडला. त्या दिवशीचा चिठ्ठीचा खेळ तुम्हाला ठाऊकच आहे: चिठ्ठी हातात पडली तर मागतील ते द्यायचं, पण आणणाऱ्याला पकडलं तर देणं त्यांच्यावर. त्या दिवशी सकाळपासून मी सावध होते. दाराला कडी, खिडक्या बंद, अंगणात कोणी कागद टाकून पळालं तर पकडून तोंडाला काजळी फासायला तवा उलटा करून ठेवलेला. बेकरीवालीची पोरगी बर्फाची चिठ्ठी घेऊन आली, तिला पकडलीच! आता पुलाव त्यांच्याकडे. मी अशी खुशीत गाणं म्हणत मशिनीवर बसले, बॉबिन घ्यायला खण उघडला, तर आत घडी केलेला कागद. हातात घेतला, उघडला, आणि मग कळलं. "बर्फ आमच्याकडून, देणं तुमच्याकडून. पुलाव नको, हलवा नको. एकदा धाब्यावर चढू द्या. नजमिद्दीन." वन्सं, त्या माणसाने आदल्या आठवड्यात पट्टा बसवतानाच चिठ्ठी खणात ठेवली होती, आभाळात ढगसुद्धा नसताना! चिठ्ठी हातात घेतली की हरले, त्याला काही इलाज नाही. बर्फाच्या चिठ्ठीला नाही म्हणणाऱ्याच्या घरी वर्षभर बरकत येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय.

तेव्हा ते चढले. आणि हाळी दिली. काय तो आवाज! एरवी माणूस सुईत दोरा ओवल्यासारखा हळू बोलतो. "ओ आया-बहिणींनो, नजमिद्दीन सनोबरच्या धाब्यावर येतोय!" नाव घ्यायची काय गरज होती? तिसऱ्या गल्लीतला कुत्रासुद्धा भुंकला.

वर काय निघालं ते ऐका. तुमचा भाऊ सत्तोर गेल्यापासून बर्फ मीच लोटते. लोटलेला बर्फ गल्लीत टाकायचा तर आधी "खबरदार!" म्हणून ओरडावं लागतं. मला लाज वाटायची. बाईमाणसाने धाब्यावरून काय ओरडायचं? म्हणून मी सगळा बर्फ गल्लीच्या कडेला लोटून तिथेच ढीग करत आले. तो ढीग हळूहळू वितळतो, कडेचा गिलावा भिजून भुसभुशीत होतो, पाणी भिंतीच्या डोक्यातून आत उतरतं. बाहेर सिमेंटचा कोट, त्यामुळे ओल बाहेर पडायला जागा नाही. आतली माती भिजून खाली बसली आणि भिंत फुगली. मी ओरडले असते तर भिंत वाचली असती. आहे की नाही गंमत?

बाकी सगळं ठीक. आकांना चहा दिला. फक्त चहा. बाजूला थोडे बदाम.

तुमची भावजय
सनोबर


इस्तरवशन,
२ फेब्रुवारी

आदरणीय वन्सं,

सलाम. तुमचं उत्तर हाकिमने दिलं. मी चार पानं लिहिली आणि तुम्ही एक ओळ: "भिंतीचं कळलं. हा नजमिद्दीन कोण, ते नीट लिही." कानाने ऐकू येत नाही, पण कागदावरचं सगळं ऐकू येतं तुम्हाला.

नीट लिहिते. जरा दम धरा, आधी गल्लीची बातमी सांगू द्या, म्हणजे माझा हात गरम होईल.

जानेवारीत मोठा बर्फ पडला. मी फावडं घेऊन चढले, कडेला उभी राहिले आणि पोटातून ओरडले, "खबरदार! सनोबर बर्फ टाकतेय!" वन्सं, एवढा आवाज माझ्याकडे आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. समोरची कबुतरं उडाली. टाकला पहिला ढीग, आणि खालून शिव्या. इबोदबोबो! त्यांना वाटलं, बाईचा आवाज आहे, म्हणजे धाब्यावर कोणी नसणार. टोपीपासून बुटापर्यंत पांढरे, हातातलं नान तेवढं छातीशी धरून वाचवलेलं. मी खाली धावले, माफी मागायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. ते आधी रागावले, मग दाढी झटकली आणि म्हणाले, "सत्तोर असता तर म्हणाला असता, बोबो, माझ्या बायकोच्या आवाजावर भरवसा ठेवायचा." त्यांना घरात नेऊन मटणाचा गरम शुर्बो पाजला. त्या दिवसापासून गल्लीत मी वर चढताना दिसले की पोरं आधीच पळतात.

सिमेंटही उतरवलं. नजमिद्दीन आका आणि त्यांचे दोन पुतणे आले, छिन्नीने पोपडे काढले. आतली माती ओली, काळी, भिंतीच्या मांडीपर्यंत लोणा चढलेला. वास यायचा बंद पेटीसारखा. धाब्याच्या कडेवर तात्पुरती ताडपत्री टाकली आणि भिंत उघडीच सोडली आहे, वाळू दे म्हणून. बाहेरून बघाल तर घाबराल. सबंध गल्ली आमच्या भिंतीची आतली माती बघत जाते. बेकरीवाली म्हणाली, "काय गं, उघडीनागडी ठेवलीस?" मी म्हटलं, "झाकून ठेवली होती म्हणून तर ही गत झाली."

आता लिहिते.

नजमिद्दीन आकांनी मला निकाहचं विचारलंय.

हे लिहून मी उठून चुलीवरचं दूध बघून आले. दूध ठीक आहे.

त्यांनी कसं विचारलं ते सांगते. छिन्नी खाली ठेवली, हात धुतले, आणि म्हणाले, "सनोबर, तुझी मशीन एकदाही बिघडली नव्हती. पट्टा मी दर वेळी जरा सैल बसवत होतो." मला राग यायला हवा होता. मला एवढा आनंद झाला, वन्सं, की मी त्यांच्याकडे पाठ करून सबंध परात कांदा चिरला. घरात मी एकटी, आणि एवढा कांदा कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.

निगोराला सांगितलं. ती आधी फोनवर किंचाळली, मग हसली, मग रडली, मग म्हणाली, "अम्मा, त्यांना म्हणावं मलाही एक शिलाई मशीन द्या." तिचं झालं. गल्ली तर त्या हाळीपासूनच लग्न लावून बसलेली आहे.

राहिलात तुम्ही. माझा सगळा जीव तिथेच अडकलाय.

सत्तोर गेला तेव्हा माझ्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं. तुम्ही पंजकेंतचं घर कुलूप लावून इथे आलात. मी कारखान्यात शिवायला जायचे आणि निगोराच्या वेण्या तुम्ही घालायचात. लोक म्हणायचे, नणंद-भावजय एका ताटात जेवतात, हे कुठे बघितलंय? मला सासू मिळाली ती तुम्ही, बहीण मिळाली तीही तुम्ही. आता मी दुसऱ्याच्या नावाने निकाह लावला, तर मी तुमची कोण? तुमच्या भावाची बायको राहिले नाही, तर तुमच्या दारात कुठल्या नात्याने येऊ? शेजारीण म्हणून? निगोराची आई म्हणून? त्यांच्याकडे मी हो म्हणायला निघते, आणि हाच विचार दाराशी आडवा येतो.

सत्तोरला मी विसरले नाही. हे तुम्हाला वेगळं सांगायला लागतंय, याचंच वाईट वाटतं.

तुम्ही नाही म्हणालात तर मी त्यांना नाही सांगेन. तोंड पाडून सांगेन, पण सांगेन. रुसणारही नाही तुमच्यावर. फार तर उन्हाळ्यात तुमच्या जर्दाळूंना नावं ठेवीन. पण लवकर कळवा. नवरोझनंतर धाब्याचा गिलावा आणि भिंतीचं काम एकदम काढायचंय, सगळा मोहल्ला हशरला, मिळून हात लावायला, येणार आहे. तेव्हा त्यांची मावशी मागणीचं नान घेऊन येईन म्हणते. त्याआधी मला उत्तर हवं.

तुमची भावजय (अजून तरी),
सनोबर


इस्तरवशन,
२० एप्रिल

प्रिय वन्सं,

तुम्ही पोहोचल्याचं हाकिमने सांगितलं. घाटात दोनदा गाडी थांबवून त्याला नीट चालवायला शिकवलंत, हेही सांगितलं. शेळीला आणि पिलांना माझे मुके.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला, तुमची एक ओळसुद्धा नाही. मी दर आठवड्याला हाकिमच्या गाडीपाशी जायचे आणि तो लांबूनच मान हलवायचा. नवरोझचा गव्हांकुरांचा सुमानाक ढवळताना बायका मनात इच्छा मागतात, मी काय मागितलं ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी मी मनाशी ठरवून टाकलं की गप्प राहणं म्हणजे नाहीच. हशरच्या दिवशी मावशीने नान पुढे केलं की मी नम्रपणे परत करणार. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं.

आणि सकाळी गल्लीच्या टोकाला टॅक्सी थांबली. तुम्ही उतरलात, हातात पिशवी, कमरेला लोकरी पट्टा. मला भेटायच्या आधी भिंतीपाशी गेलात आणि म्हणालात, "कोट काढलास, ते बरं केलंस." मग गारा तुडवणाऱ्यांकडे बघून, "हा काय गारा आहे? यात भुसा कुठाय? सरका!" शलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरलात. त्या गुडघ्यांनी! मी "वन्सं, वन्सं" करत धावले, तर मला म्हणालात, "तू वर जा. आधी धाबं, मग भिंत. वरून गळत असताना खालची शोभा करायची नसते."

म्हणून मी वर होते, बायकांबरोबर कडेच्या गिलाव्यावर हात फिरवत. तुम्हाला वाटलं असेल मी कामात आहे. मी सगळं ऐकत होते. तुमचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही केवढ्याने बोलता, याची तुम्हाला कल्पना नाही.

"नजमिद्दीन तूच का? उतर इकडे. बूट काढ. तुडव."

ते बिचारे उतरले. समोरासमोर तुम्ही दोघं, चिखलात.

"दात स्वतःचे आहेत?"

"अर्धे, आपा."

"काय?"

"अर्धे!" सबंध गल्लीला कळलं.

"घोरतोस?"

"एकटाच राहतो आपा, सांगणार कोण?"

"उत्तरं बरी देतोस. पट्टे सैल बसवतोस म्हणे?"

वन्सं, हे मी तुम्हाला खासगीत लिहिलं होतं! माझ्या शेजारी बेकरीवाली हसून हसून गिलाव्यातच बसली. तिच्या बैठकीचा ठसा धाब्यावर उमटला, तो पुन्हा सारवावा लागला.

मग तुमचा आवाज खाली आला. म्हणजे इतरांच्या आवाजाएवढा झाला. तुम्ही विचारलंत, "माझ्या भावाचं नाव या घरात निघेल का?"

त्यांनी मान वर करून धाब्याकडे बघितलं. पाय तेवढे चालू होते. मग धाब्याकडे बोट करून म्हणाले, "ती पन्हळ बघा, आपा. सत्तोरने बसवली ती. पुतणे म्हणत होते काढून पत्र्याची घालू. मी काढू दिली नाही. चांगली आहे. पाणी भिंतीपासून लांब टाकते."

चिखलातून बाहेर आलात, भिंतीपाशी गेलात, जिथे ओल सगळ्यात शेवटी सुकली तिथे तळहात टेकवून उभ्या राहिलात. मला फक्त तुमची पाठ दिसत होती. मला वाटलं, धाब्यावरून तशीच खाली उडी मारावी आणि तुमच्या गळ्यात पडावं. पण हात चिखलाचे होते आणि शिडी इबोदबोबोंनी दुसरीकडे नेली होती.

दुपारी दस्तरखान अंगणात पसरलं. मावशीने रुमालात बांधलेली दोन नानं माझ्यासमोर ठेवली. मुलीकडच्या मोठ्या माणसाने नान तोडायचं, मग ठरलं म्हणायचं. आणि माझ्याकडचं मोठं कोण? आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. मावशी इकडेतिकडे बघायला लागली. मी माझं पाठ केलेलं वाक्य आठवायला लागले. आठवेना.

तेव्हा तुम्ही उठलात. पायांना पोटरीपर्यंत वाळलेला गारा, तशाच माझ्या शेजारी येऊन बसलात. मावशी हळूच म्हणाली, "आपा, तुम्ही तर तिच्या सासरच्या."

"सासरची? हिला मी नवरी म्हणून या दारातून आत घेतली. हिच्या पोरीच्या वेण्या घातल्या. आता हिला पाठवायची तर मीच पाठवणार! आण ते नान." आणि मोडलंत. पहिला तुकडा माझ्या तोंडात कोंबलात, एवढा मोठा की मला रडतासुद्धा आलं नाही. नंतर दुपारभर पुलाव, डफ, आणि त्या गुडघ्यांनी तुम्ही नाचलात. भिंतीचा शेवटचा थर दिवेलागणीला झाला, तोही सगळे हसत असताना. थोडा वाकडा आहे. राहू दे.

मी तुमच्या उत्तराची वाट बघत होते, आणि तुम्ही उत्तर स्वतःच घेऊन आलात. लिहिलं का नाहीत, विचारलं तर म्हणालात, "एवढं मोठं लिहायला माझ्याकडे कागद कुठाय?"

पण एका गोष्टीवर मी तुमच्याशी भांडणार आहे. टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून तुम्ही म्हणालात, "सनोबर, आता वन्सं-बिन्सं बंद. मी तुझ्या माहेरची झाले. आपा म्हण." आणि हाकिमने गाडी सोडली. मला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही, म्हणून हे पत्र.

मी म्हणून बघितलं. आरशासमोर दोनदा "हाजरआपा" म्हटलं. या पत्राच्या सुरुवातीलाही लिहायला घेतलं होतं. होत नाही. आपा म्हणायला गल्लीत खूप बायका आहेत, वन्सं, पण वन्सं मला सत्तोरने दिली. ते मी कोणाला सोडणार नाही, तुम्हालासुद्धा नाही. नजमिद्दीन आकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग मी त्यांना काय म्हणू?" मी म्हटलं, "तुम्ही घाबरून राहा, पुरे."

निकाह भिंत पुरती वाळल्यावर, मेच्या पहिल्या शुक्रवारी. तुम्ही यायचंच. खाली सही करते आहे. ती तुम्हाला मान्य नसेल तर त्या दिवशी पेन घेऊन या आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने खोडा. बघू, हात धजतो का.

निकाहच्या आदल्या दिवशीही आणि दुसऱ्या दिवशीही,
तुमचीच भावजय
सनोबर